भिंतीने हवा धुवावी काय?

गेल्या जून महिन्यात आमच्या गावच्या शाळेत नवे ग्रंथालय उघडले. मला निवृत्त होऊन काही वर्षे लोटली आहेत. तथापि पुस्तकांचा प्रश्न निघाला की शाळेतील मंडळी मला आठवणीने बोलावतात आणि मीही तत्परतेने जातो. खोली मोठी देखणी झाली होती. प्लायवूडची नवी कपाटे, त्यांवर चकचकीत पॉलिश, भिंतींना नुकताच दिलेला रंग, पुस्तकांना घातलेली नवी वेष्टने! रस्त्याकडील दोन्ही खिडक्या मात्र धूळ आणि मोटारींचा गोंगाट नको म्हणून खिळे ठोकून कायमच्या बंद केल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात सातवीच्या मुली तक्रार करू लागल्या. वाचावयास बसले की डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, डोके जड होते. एक मुलगी म्हणाली, "सर, गोष्ट रंगात येते आणि नेमके तेव्हाच बाहेर पळावेसे वाटते." ग्रंथालयाविषयी याहून दुःखद वाक्य मी आजवर ऐकलेले नाही.

शाळेचा एक जुना विद्यार्थी शहरात बांधकामाचा व्यवसाय करतो. शाळेवर त्याचा लोभ आहे. मुलींची तक्रार कानी पडताच तो एक रंगीत पत्रक घेऊन आला. "सर, आता खिडक्याबिडक्यांची काळजीच नको. भिंतींना हा लेप देऊ. उजेड पडला की भिंतच हवा धुते. सगळा खर्च माझ्याकडे लागला!" असे तो मोठ्या उत्साहाने म्हणाला. शाळा-समितीने त्यावर माझे मत विचारले.

मी मराठीचा माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळण्यापुरता. परंतु विचारलेल्या गोष्टीवर न वाचता मत देणे ही शिक्षकाला न शोभणारी गोष्ट होय. म्हणून मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली, शाळेतील विज्ञानाच्या बाईंना गाठले आणि त्यांच्याकडे विद्यार्थ्यासारखा बसलो. त्या पंधरा दिवसांत माझे जे मत बनले ते, कारणांसह, येथे मांडीत आहे. ते तुम्हांला पटलेच पाहिजे असे नाही. मात्र कारणे तपासून पाहा, एवढीच विनंती.

प्रथम रोग कोणता ते पाहू. घराबाहेरील धूर आपल्याला दिसतो, म्हणून हवा बिघडते ती बाहेर, अशी आपली समजूत असते. वस्तुतः बंद खोलीतील हवा अनेकदा रस्त्यावरील हवेहूनही वाईट असते. प्लायवूडचे पातळ थर ज्या डिंकाने चिकटवितात, त्यातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू महिनोन्महिने हळूहळू बाहेर पडत राहतो. डोळे चुरचुरतात ते बहुधा त्यानेच. पॉलिश, रंग, फरशी पुसण्याची द्रावणे, अत्तरे यांतून आणखी कितीतरी वाफा निघतात. उदबत्ती आणि डासांची अगरबत्ती यांचा धूर निराळाच. फॉर्माल्डिहाइड हे माणसाला कर्करोग घडवू शकणारे द्रव्य आहे, असा निर्णय कर्करोगाच्या कारणांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली दिला. घरातील हवेत ते एका घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली घालून दिली. म्हणजे सातवीच्या मुलींची तक्रार हा काही नाजूकपणा नव्हे.

आता औषधाकडे वळू. या लेपातील मुख्य द्रव्य म्हणजे टायटॅनियम डायॉक्साइड. नाव अवघड असले तरी वस्तू तुमच्या रोजच्या ओळखीची आहे. भिंतीचा पांढरा रंग, पांढरे प्लास्टिक, दात घासण्याची पांढरी पेस्ट यांना जो शुभ्रपणा येतो तो बहुतेक वेळा या चूर्णामुळे येतो. आणि हे शुभ्र चूर्ण निघते कशातून? काळ्या वाळूतून! रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर कधी गेलात तर ओल्या वाळूवर काळ्या रेघा उमटलेल्या दिसतील. त्या काळ्या कणांत इल्मेनाइट नावाचे खनिज असते आणि त्यात लोखंड व टायटॅनियम यांची जोडी असते. केरळच्या आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरही ते विपुल आहे. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर नावाचा एक धर्मोपदेशक होता. १७९१ साली त्याने आपल्या भागातील अशाच काळ्या वाळूचे पृथक्करण करून त्यात एक नवे मूलद्रव्य असल्याचे ओळखले. चार वर्षांनी क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक पुराणातील टायटन या महाकाय पुरुषांवरून त्याला टायटॅनियम हे नाव दिले.

या पांढऱ्या चूर्णात एक खोड होती. ते घालून केलेला रंग उन्हात काही वर्षे राहिला की त्याचा वरचा थर भुसभुशीत होई आणि भिंतीवरून हात फिरवला तर खडूसारखी पूड हाताला लागे. उन्हाच्या संगतीत हे चूर्ण रंगातील चिकट द्रव्यच कुरतडून टाकी. रंग तयार करणाऱ्यांना हा मोठाच उपद्रव वाटला. त्यांनी चूर्णाच्या प्रत्येक कणाभोवती सिलिका आणि ॲल्युमिना यांचे पातळ कवच चढवून त्याची ही खोड झाकून टाकली. रंगवाल्यांनी जो दोष म्हणून झाकला, तोच पुढे दुसऱ्या एका माणसाने गुण म्हणून उघड केला. शास्त्राच्या इतिहासात असे वारंवार घडते आणि वर्गाच्या इतिहासातही घडते. पण तो विषय येथे नको.

तो दुसरा माणूस म्हणजे अकिरा फुजिशिमा. १९६७ साली तो तोक्यो विद्यापीठात केनिची होंडा या प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन करणारा विद्यार्थी होता. त्याने टायटॅनियम डायॉक्साइडचा एक स्फटिक पाण्यात ठेवला, दुसऱ्या टोकाला प्लॅटिनम जोडले आणि स्फटिकावर प्रखर प्रकाश टाकला. स्फटिकाच्या अंगावरून बुडबुडे निघू लागले. तो प्राणवायू होता! प्लॅटिनमकडे हायड्रोजन निघत होता. म्हणजे प्रकाशाच्या बळाने पाण्याचे दोन तुकडे झाले होते आणि स्फटिक मात्र होता तसाच राहिला होता. १९७२ साली या दोघांचा निबंध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी जगात खनिज तेलाची टंचाई निर्माण झाल्याने पाण्यापासून इंधन काढण्याच्या या युक्तीकडे साऱ्यांचे लक्ष वेधले. इंधनाची आशा मात्र फारशी सफळ झाली नाही, कारण सूर्यप्रकाशाचा फारच थोडा भाग या कामी येतो. हे 'फारच थोडा भाग' शब्द ध्यानात ठेवा. आपल्या ग्रंथालयाचा प्रश्न शेवटी त्यांच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

स्फटिक होता तसाच राहिला, असे मी म्हटले. जे द्रव्य इतरांत रासायनिक बदल घडवून आणते आणि स्वतः मात्र शेवटी पूर्ववत् राहते, त्याला उत्प्रेरक म्हणतात. सोयरीक जुळविणारा मध्यस्थ दोन्ही घरांना एकत्र आणतो आणि लग्न लागले की आपल्या घरी परत जातो, तसाच हा प्रकार. टायटॅनियम डायॉक्साइड हा प्रकाशाने जागा होणारा उत्प्रेरक आहे. प्रकाश लहानलहान पुड्यांनी येतो असे समजा. एखादी जोरकस पुडी चूर्णाच्या कणावर आदळली की आतील एक विद्युत्कण आपल्या जागेवरून उसळतो आणि त्याच्या जागी एक रिकामी खाच उरते. उसळलेला विद्युत्कण हवेतील प्राणवायूला जाऊन चिकटतो. खाच जवळच्या पाण्याच्या अंशातून विद्युत्कण ओढून घेते. या ओढाताणीत अत्यंत तापट असे काही क्षणजीवी घटक जन्मतात. वाफेचा, तेलाचा वा जंतूचा जो कण त्यांच्या वाटेस येईल त्याचे ते लचके तोडतात, आणि काम तडीस गेले तर शेवटी केवळ पाणी व कार्बन डायॉक्साइड उरतात. धूर नाही, ज्वाळा नाही. आणि तरीही हे एक प्रकारचे जळणेच आहे.

'काम तडीस गेले तर' असे मी म्हटले आहे. त्या 'तर'कडे आपण लवकरच येऊ.

जेथे हे काम उत्तम साधले त्या जागा आधी पाहिल्या पाहिजेत, नाहीतर माझे मत एकांगी ठरेल. १९९० च्या सुमारास फुजिशिमा आणि त्यांचे सहकारी यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. थोड्या प्रकाशात पुष्कळ काम होत नाही हे खरे. मग थोडेच काम असेल अशी जागा का शोधू नये? स्वच्छतागृहाच्या फरशीवर बसणारा मळाचा आणि जंतूंचा थर केसाहूनही किती तरी पातळ असतो. तो जेथे बसतो तेथेच उत्प्रेरकही असतो. अशा फरश्या जपानात तयार झाल्या. बोगद्यांतील दिव्यांच्या काचांवर मोटारींच्या धुराचे किटण चढून दिवे मंद होत असत. त्या काचांनाही हा लेप दिला गेला. १९९७ साली आणखी एक गंमत जगापुढे आली. प्रकाश पडलेल्या या लेपावर पाण्याचे थेंब उभे राहत नाहीत, पाणी चादरीसारखे पसरते आणि सैल झालेला मळ आपल्याबरोबर घेऊन जाते. मग स्वतःला धुणाऱ्या खिडक्यांच्या काचा बाजारात आल्या. रोम शहराच्या पूर्वेकडील वस्तीत रिचर्ड मायर या वास्तुशिल्पकाराने बांधलेले एक चर्च २००३ साली पुरे झाले. शिडात वारा भरावा तशा तीन प्रचंड वक्र भिंती त्याला आहेत आणि त्या शुभ्र राहाव्यात म्हणून त्यांच्या सिमेंटमध्येच हे चूर्ण मिसळले आहे. काच, फरशी, बाहेरची भिंत: या सर्व ठिकाणी ऊन भरपूर आहे, मळ पातळ आहे आणि धुवायची वस्तू लेपाला चिकटलेलीच आहे.

आता आमचे ग्रंथालय घ्या. तेथे या तिन्ही गोष्टी उलट आहेत.

उजेडाचे पाहू. वर सांगितलेली जोरकस पुडी म्हणजे डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाश नव्हे. ३८८ नॅनोमीटरहून आखूड लहरींचा प्रकाशच हे काम करू शकतो, आणि आपली दृष्टी तर साधारणतः ४०० नॅनोमीटरच्या पुढे सुरू होते. म्हणजे हे काम जांभळ्या रंगापलीकडील अतिनील किरणांचे. भर उन्हाच्या एकूण शक्तीतही या किरणांचा वाटा शंभरात तीन ते पाच इतकाच असतो. खिडकीची काच त्यातील काही अडवते, आणि खोलीच्या आतल्या भिंतीपर्यंत जे पोचते ते अगदी नाममात्र. आणि हल्ली आपण ज्या एलईडी दिव्यांखाली वाचतो, त्यांत ते जवळजवळ नसतातच. पत्रकात लिहिले होते, 'साध्या उजेडातही कार्य करते.' मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "सर, दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारे चूर्ण करण्याचा प्रयत्न खरोखरच चालू आहे. नायट्रोजन मिसळून तसे चूर्ण केल्याचे जपानी संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केले. पण प्रयोगशाळेत चालणे निराळे आणि आपल्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यात चालणे निराळे." मला हे उत्तर आवडले. त्यात आशेला जागा होती आणि भाबडेपणाला नव्हती.

दुसरे म्हणजे गाठ पडण्याचे. लेप भिंतीवर आणि दूषित वायू खोलीच्या मध्यभागी, पुस्तकावर वाकलेल्या मुलीच्या नाकापाशी! बंद खोलीत हवा फार संथपणे हलते. तेथील वायूचा कण भिंतीशी जाऊन भिडेल तेव्हाच त्याचा निकाल लागणार. तोवर कपाटातून नवा कण बाहेर पडलेला असतो. घागरीला तळाशी भोक आहे, वर नळ चालू आहे, आणि भोक बुजविण्याऐवजी आपण ओंजळीने पाणी परत आत टाकीत बसलो आहोत, असाच हा उद्योग नव्हे काय?

परंतु माझ्या मताला खरा कल दिला तो तिसऱ्या गोष्टीने. आता त्या 'तर'कडे येतो. हे जळणे एका उडीत होत नाही. त्याला पायऱ्या आहेत. स्पिरिटची वाफ घ्या. ती लेपावर येते, तिचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड होते, मग व्हिनेगरमधील आम्ल होते आणि त्यानंतर पुढे पाणी व कार्बन डायॉक्साइड. उजेड भरपूर असेल आणि तो कण लेपाला धरून राहिला तर सर्व पायऱ्या पुऱ्या होतात. उजेड तोकडा पडला, किंवा तो मध्येच सुटून हवेत परतला, तर? अर्धवट तुटलेले द्रव्य खोलीत मिसळते. अर्धे शिजलेले अन्न कच्च्याहूनही बाधते, तसे हे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कली येथे एक मोठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तेथील संशोधकांनी अतिनील दिवे आणि हा लेप असलेले यंत्र तपासून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्राने अनेक वाफा मोडल्या, यात संशय नाही. परंतु बाहेर पडणाऱ्या हवेत फॉर्माल्डिहाइड आणि ॲसिटाल्डिहाइड नव्याने तयार झालेले आढळले. ज्याच्यामुळे मुलींचे डोळे चुरचुरतात तेच द्रव्य! त्याच वर्षी जर्मनीतील संशोधकांनी घरात लावण्याच्या अशा रंगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रकाश पडताच रंगातूनच फॉर्माल्डिहाइड आणि त्याचे भाऊबंद बाहेर येत असल्याचे त्यांना दिसले. कारण तुम्ही ओळखले असेलच. रंगातील चिकट द्रव्य हेही उत्प्रेरकाचे भक्ष्यच. जुनी खोड जुन्याच जागी पुन्हा प्रकट झाली होती.

येथे कोणी म्हणेल, दोन प्रयोगांवरून एवढा मोठा निर्णय कशाला? योग्य शंका आहे. म्हणून मी मोठ्या प्रमाणावरची उदाहरणे शोधली. बेल्जियमची राजधानी ब्रसेल्स येथील एका मोठ्या रहदारीच्या बोगद्यात, ज्याला तेव्हा राजा दुसरा लिओपोल्ड याचे नाव होते, २०११ ते २०१३ या काळात युरोपातील अनेक संस्थांनी मिळून एक चाचणी केली. बोगद्याच्या एका भागास लेप दिला, अतिनील दिवे लावले आणि मोटारींच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे माप घेतले. जाणवण्याजोगी घट दिसली नाही. दिव्यांचा जोर अपुरा पडला आणि दाट धुरात लेपही मंदावला. ब्रिटिश सरकारला हवेविषयी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीनेही २०१६ साली उपलब्ध पुराव्यांचा धांडोळा घेतला. बाहेरील हवेतील हे वायू अशा लेपांनी लक्षणीय प्रमाणात कमी होतात असे मानण्यास आधार फार थोडा आहे, असेच त्यांनी म्हटले. तो बोगदा आणि त्या रस्त्यांवरील भिंती म्हणजे आमचे ग्रंथालय नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु जेथे मुद्दाम दिवे लावूनही काम भागले नाही, तेथे एलईडीच्या उजेडात ते भागेल असे धरून चालणे मला धाडसाचे वाटते.

आणि समजा, लेपाने आपले काम निर्दोष केले. तरी एक गोष्ट उरतेच. आपण श्वासावाटे जी हवा बाहेर टाकतो तीत कार्बन डायॉक्साइड शंभरात सुमारे चार भाग असतो; मोकळ्या हवेत तो दहा हजारांत सुमारे चार भाग असतो. म्हणजे शंभरपट! बंद खोलीत चाळीस मुले तासभर बसली तर हवा किती जड होईल याचा हिशेब तुम्हीच करा. लेप या वायूला हात लावू शकत नाही. उलट त्याच्या सर्वोत्तम कामाचे फळ म्हणजे हाच वायू. धुळीलाही तो हटवीत नाही. चुलीच्या धुरातील काजळीही त्याच्या आवाक्याबाहेरची. ज्या घरांत लाकडे आणि गोवऱ्या जळतात तेथे लेप देऊन काय साधणार? तेथे गॅसची शेगडी आणि धुराला वाट हीच औषधे.

माझ्या मतावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खिडकी उघडा म्हणणे सोपे आहे. पण बाहेरची हवाच वाईट असेल तर? दिल्लीतील हिवाळा आठवा. मुंबईतही कित्येक दिवशी क्षितिज धुरकट दिसते. आमच्या शाळेसमोरून खडी वाहणाऱ्या मालमोटारी जातात आणि पावसाळ्यात खिडकीतून झड आत येऊन पुस्तके भिजतात. अशा वेळी खिडकी हे सर्वांचे उत्तर होऊ शकत नाही, हे मी मान्य करतो. मग हवा गाळण्याचे यंत्र लागेल. दाट कागदी गाळणीतून धूळ अडेल, कोळशाच्या थरात वाफा अडकतील. या यंत्रात प्रकाशाने जागे होणारा उत्प्रेरकही बसविता येईल. तेथे दिवा त्याच्या अगदी जवळ असतो, पंख्याने हवा त्याच्यावर लोटली जाते, आणि अर्धवट तुटलेली द्रव्ये पकडण्यास पुढे आणखी एक थर ठेवता येतो. बर्कलीच्या संशोधकांनीही याच दिशेने पुढील प्रयोग केले. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्यामुळे शेजारची फळेही लवकर पिकतात. तो वायू मोडण्यासाठी बंद पेटीत हा उत्प्रेरक वापरतात. अंतराळात रोपे वाढविण्याच्या पेटीतही त्याचा उपयोग केला गेला. लहान जागा, एकच ओळखीचा वायू, जवळचा दिवा: अशा ठिकाणी तो गुणी आहे. त्याला भिंतीवर पसरून अंधारात उभे करायचे आणि मग त्याने काम केले नाही म्हणायचे, हा त्याच्यावरही अन्यायच.

समितीच्या बैठकीत मी हे सर्व सांगितले. माझा जुना विद्यार्थी समोरच बसला होता आणि त्याचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. देणगी नाकारणे सोपे नसते, प्रेमाने आणलेली देणगी तर त्याहून नाही. तो म्हणाला, "सर, मग मी काहीच करू नको का? एवढे शोध लागतात, ते शाळेपर्यंत यायचे तरी कधी?" प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "अरे, तू शोध घेऊन आलास हे चांगलेच केलेस. तुझ्यामुळेच मी या वयात चार नव्या गोष्टी शिकलो. पण शोध कुठे लावायचा हेही शोधावे लागते." मुख्याध्यापकांनी विचारले, की लेप देऊन पाहण्यात तोटा काय? मी म्हणालो, तोटा हा की लेप आहे म्हणून खिडक्या बंदच राहतील, आणि चाळीस मुलांच्या डोळ्यांवर आपण तो प्रयोग करीत राहू. यावर कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने बाईंनी आपला कागद पुढे सरकविला. त्यावर त्यांनी एक साधा हिशेब मांडला होता: दक्षिणेच्या भिंतीत, म्हणजे रस्त्याच्या विरुद्ध बाजूस, दोन खिडक्या, त्यांना जाळी आणि वर पावसासाठी छपरी, समोरच्या भिंतीत उंचावर हवा बाहेर फेकणारा एक पंखा, कपाटांच्या उघड्या कडांना पट्टी लावून बंदिस्त करणे, आणि ती कपाटे दिवाळीच्या सुट्टीत दारे उघडी टाकून मोकळ्या हवेत ठेवणे. एकूण खर्च लेपाच्या निम्म्याहूनही कमी होता.

विद्यार्थ्याने तो कागद बराच वेळ पाहिला. तो बांधकामाचा माणूस. भिंत फोडायची म्हटल्यावर त्याची कळी खुलली. "छपरी एवढी आखूड नको, झड येईल," असे म्हणून त्याने खिशातून पेन काढले आणि तेथल्या तेथे आकृती सुधारली. उरलेल्या पैशांतून त्याने प्रवेशद्वारावरील उंच काचेच्या तावदानाला तो स्वतःला धुणारा लेप देऊन घेतला, कारण तेथे दिवसभर ऊन असते आणि शिडी लावून ते पुसणे शिपाईमामांना फार जिकिरीचे होत असे. त्याला मी आनंदाने संमती दिली.

खिडक्या दिवाळीनंतर तयार झाल्या. परवा मी गेलो तेव्हा त्यांपैकी एकीची कडी फार घट्ट बसते असे कळले. ती रोज सकाळी कोणी उघडायची, याची पाळी सातवीच्या मुलींनी आपापसांत लावून घेतली आहे आणि तिचा तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवला आहे.